स्टेक कुठलं, घेवडा! काउबॉयच्या जेवणावर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात बिडाच्या भांड्यांवर लिहिताना मी सहज एका ओळीत म्हणून गेले होते की अमेरिकेतल्या काउबॉय लोकांचा अख्खा संसार एका बिडाच्या डच ओव्हनवर, म्हणजे पायांच्या जाड भांड्यावर चालायचा, आणि पिक्चरमध्ये दाखवतात तसं ते रोज स्टेक वगैरे काही खात नव्हते. त्या एका ओळीवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. तव्याच्या सीझनिंगवर मी दोन पानं लिहिली त्यावर फक्त एकाने विचारलंय. असो, तर यावेळी सगळं काउबॉयचंच.

प्रश्न (कोथरूडहून): ताई, आमच्या सोसायटीच्या गच्चीवर यंदा डिसेंबरात 'काउबॉय नाइट' ठरलीये. केटररने मेन्यू पाठवलाय: बार्बेक्यू पनीर, चिकन स्टेक, चीजवाले नाचोज, डब्यातले गोड बेक्ड बीन्स आणि 'काउबॉय कॉफी' म्हणून चॉकलेट घातलेली कोल्ड कॉफी. सासरे म्हणतात काउबॉय म्हंजे शेवटी गुराखीच ना, गुराखी कसला चीज खातोय, भाकरी-कांदा खात असणार. मुलगा म्हणतो आबा तुम्हाला काही माहीत नाही, सगळ्या पिक्चरमध्ये स्टेकच असतं. आठ दिवस घरात हेच चाललंय. बरोबर कोण?

उत्तर: सासरे. भाकरी सोडली तर जवळजवळ पूर्ण मार्क.

आधी हे बघा की आपण ज्याला काउबॉयचा जमाना म्हणतो तो होता किती, तर जेमतेम वीस-पंचवीस वर्षं. १८६५ ला अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं तेव्हा टेक्सासात लांब शिंगांची गुरं उदंड होती आणि तिथे त्यांना गिऱ्हाईक नव्हतं, गिऱ्हाईक सगळं उत्तरेला आणि पूर्वेला. १८६७ मध्ये कॅन्सासच्या अ‍ॅबिलीनला रेल्वेपाशी गुरांचा बाजार उभा राहिला, मग काय, टेक्सासातून दोन-तीन हजार गुरांचा कळप आणि सोबत दहा-बारा घोडेस्वार असं लटांबर दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर करत दोन-तीन महिने चालत जायचं. पुढे काटेरी तारेची कुंपणं आली (तारेचं ग्लिडन नावाच्या माणसाने घेतलेलं पेटंट १८७४ चं), रेल्वे खाली टेक्सासपर्यंत पोचली, कॅन्सासने टेक्सासच्या गुरांना बंदी घातली, आणि १८८० चं दशक संपता संपता हा सगळा प्रकारच आटोपला.

आता ती गुरं काउबॉयच्या बापाची नव्हती हो. मालक वेगळा, हा महिन्याला तीस-चाळीस डॉलरवर राबणारा गडी. टेक्सासात चार डॉलरला मिळणारा बैल उत्तरेत चाळीसपर्यंत जायचा, म्हणजे प्रत्येक शेपटीला पैसे लटकलेले, त्यातला एक कापून खायचा तर मुकादमाला हिशोब द्यावा लागणार. आणि कापलाच तरी बारा माणसं दोनशे किलो मांस किती खातील, बर्फ नाही, फ्रिज नाही, जूनचं ऊन आणि उद्या सकाळी पुढच्या मुक्कामाला निघायचंय. त्यामुळे मांस क्वचित. एखादं जनावर लंगडं झालं, वासरू चालेना, किंवा दुसऱ्या मालकाचा छाप डागलेलं चुकार जनावर कळपात शिरलं (यावर जास्त प्रश्न विचारायचे नाहीत) तर मेजवानी. दिवाळीनंतर आपल्याकडचे धनगर मेंढ्या घेऊन घाट उतरतात ते बघितलंय ना? शेकड्याने मेंढ्या पुढ्यात, पण रोज मटण शिजतंय असं कुठे दिसतं का वाड्यावर? मेंढी म्हणजे भांडवल. अगदी तेच गणित.

मग खायचे काय, तर घेवडा. घेवडा आणि परत घेवडा. त्यासोबत खारवलेलं डुकराचं मांस, आंबवलेल्या पिठाचे पाव, मक्याचं पीठ, वाळवलेली सफरचंदं, काकवी आणि कॉफी. जे तीन महिने टिकतं, उन्हात खराब होत नाही आणि सोबतच्या सामानाच्या गाडीच्या हिसक्यांनी सांडत नाही ते ते. सासऱ्यांना सांगा, ज्वारीची भाकरी नव्हती, पण मक्याच्या पिठाचा जाड रोट असायचा, तेवढा अर्धा मार्क मी त्यांना देऊन टाकते.

आणि स्टेक जेव्हा मिळायचं तेव्हासुद्धा तुमच्या केटररच्या जाळीवरच्या पट्ट्यापट्ट्यांचं, आतून गुलाबी वगैरे अजिबात नाही. पातळ काप करायचे, पिठात घोळायचे आणि चरबीत चांगले खमंग, पार आतपर्यंत शिजेस्तोवर तळायचे. आतून लाल राहिलेलं मांस त्या लोकांना कच्चं वाटायचं. त्यापेक्षा त्यांचा जीव ज्यावर होता तो पदार्थ पिक्चरवाले कधी दाखवत नाहीत, म्हणजे वासरू कापलं की त्याच दिवशी होणारा रस्सा. त्यात काळीज, हृदय, जीभ, आणि दूधपित्या वासराच्या पोटातली एक नळी जिच्यात अर्धवट पचलेलं दूध असतं, सगळी चव म्हणे त्या नळीची. या रश्शाला एक सणसणीत शिवी हेच नाव होतं, बायाबापड्यांसमोर ते जरा सोज्वळ करून सांगायचे. मुंडी आणि वजरी आवडीने खाणाऱ्या पुणेकराला हे विचित्र वाटायचं कारण नाही, ताजं जनावर कापलं की आधी लवकर नासणारे भाग संपवायचे ही अक्कल सगळीकडे सारखीच.

नाचोज तर १९४० च्या दशकातले, मेक्सिकोच्या सीमेवरच्या एका गावात इग्नासिओ आनाया नावाच्या माणसाने ऐनवेळी आलेल्या गिऱ्हाइकांसाठी केले, इग्नासिओचं लाडाचं नाव नाचो. तोवर कळप हाकणारे सगळे म्हातारे होऊन गेलेले. पनीरबद्दल मी बोलत नाही.

खरा मेन्यू करायचाच असेल तर कोरेगावचा वाघ्या घेवडा आणा. तिकडे जो पिंटो घेवडा वापरायचे, पिंटो म्हणजे स्पॅनिशमध्ये ठिपकेदार, त्याच्या जातीचा आपल्याकडचा भाऊ हाच, नाव पण बघा कसं जुळतंय. रात्रभर भिजवा, पाणी फेका, नव्या पाण्यात दहा मिनिटं खळखळून उकळा आणि मग मंद आचेवर दोन-तीन तास सोडून द्या, कांदा, दोन सुक्या मिरच्या, चमचाभर काकवी, मीठ शेवटी. ती दहा मिनिटांची उकळी चुकवू नका, विशेषतः ज्यांच्याकडे तो विजेचा स्लो कुकर आहे त्यांनी, कारण कच्च्या घेवड्यात-राजम्यात एक द्रव्य असतं जे नुसत्या कोमट आचेवर मरत नाही आणि मग सोसायटीतल्या सगळ्यांच्या पोटाचं काउबॉय नाइट होतं.

प्रश्न (आळंदी रोडवरून): काउबॉयच्या पिक्चरमध्ये स्वयंपाकाची ती मागे कप्पे असलेली गाडी दाखवतात, ती नेमकी काय भानगड आहे? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला तसं काही करता येईल का, फार्मवर मुलांसाठी?

उत्तर: करता येईल, आणि तुम्ही आळंदी रोडला राहता म्हणजे तुम्हाला समजावायला सोपं आहे. पालखीत दिंडीचा ट्रक बघता ना, वारकरी चालत असतात आणि ट्रक पुढे जाऊन मुक्कामावर चुली मांडून बसतो, माणसं पोचली की पंगत तयार? चकवॅगन म्हणजे तेच. 'चक' म्हणजे त्यांच्या बोलीत खाणं.

१८६६ मध्ये चार्ल्स गुडनाइट नावाच्या टेक्सासच्या गुरंवाल्याने लष्कराची जुनी स्टुडबेकर गाडी घेतली (तीच स्टुडबेकर जी पुढे मोटारी बनवायला लागली), भक्कम लाकडाने ती परत बांधून घेतली आणि मागच्या बाजूला खणाखणांचं कपाट ठोकलं. त्याची फळी बिजागरीवर खाली पडायची आणि खाली एक पाय लावला की झाला ओटा. पीठ, साखर, कॉफी, मसाले, औषधं, वस्तरा, सुईदोरा, सगळ्याला ठरलेला खण. बाजूला पाण्याचं पिंप, एका अंगाला कॉफी दळायची चक्की, आणि गाडीच्या पोटाखाली गुराचं कातडं झोळीसारखं बांधलेलं, त्यात सरपण. मला विचाराल तर पुण्यातल्या निम्म्या मॉड्युलर किचनपेक्षा तो माणूस हुशार होता, कारण त्याने आधी बघितलं की लागतं काय, आणि मग कप्पे केले.

ट्रॉलीला करताना फक्त ओटा वाऱ्याच्या आडोशाला येईल असं बघा. आणि ओट्याची उंची मुलांच्या मापाने नको, शेवटी भाजी तुम्हीच चिरणार आहात.

प्रश्न (कर्वेनगर, कॉलेजचा विद्यार्थी): मी सारडोचं स्टार्टर, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या पावाचं विरजण, तीनदा लावलं, तिन्ही वेळा गेलं. एकदा तर रूममेटने वास येतो म्हणून फेकून दिलं. काउबॉय लोक उन्हापावसात कसं टिकवायचे? आणि ओव्हन नसताना पाव कसे भाजायचे, आम्हाला राजगडाच्या पायथ्याला ट्राय करायचंय.

उत्तर: रूममेटचा प्रश्न मी सोडवू शकत नाही. बाकीचं सांगते.

ते आंबवण एका लाकडी पिंपात असायचं आणि आचारी त्याला लेकरासारखा सांभाळायचा, दिवसा उन्हात गाडीवर ठेवायचा आणि गारठ्याच्या रात्री चक्क अंथरुणात घेऊन झोपायचा, कारण ते मेलं की दुसऱ्या दिवशी बारा माणसं पावाशिवाय, आणि पाव नसेल तर ती माणसं आचाऱ्याला सोडत नसत. दररोज जेवढं काढलं तेवढं पीठ-पाणी परत घालायचं, बस. आपल्या विरजणासारखंच की.

तुझी चूक बहुतेक उलटी होत असणार. पुस्तकं सगळी थंड देशातली, ती म्हणतात दिवसातून एकदा पीठ घाला. पुण्यात एप्रिलात हॉस्टेलची खोली पस्तीसच्या वर जाते, तिथे ते बारा तासात खाऊन-पिऊन उपाशी बसतं, आंबट ढाण होतं, वर काळपट पाणी येतं आणि आपल्याला वाटतं मेलं. मेलेलं नसतं रे, भुकेलेलं असतं. दोनदा घाल नाहीतर फ्रिजमध्ये टाक. बुरशी आली, गुलाबी-केशरी रंग दिसला तर मात्र फेक, तिथे रूममेट बरोबर.

आता ओव्हन. डच ओव्हन म्हणजे तीन पायांचं बिडाचं जाड भांडं आणि त्याच्या झाकणाला उभा काठ. काठ कशाला, तर झाकणावर निखारे ठेवले की घसरून पडू नयेत. खाली निखारे, वर निखारे, मध्ये पाव. कोकणातल्या कुठल्याही आजीला विचार, धोंडस असंच होतं, वर-खाली विस्तव. त्यामुळे वेगळं भांडं विकत घेऊ नकोस, जाड बुडाचं पातेलं, आत एक तिवई, त्यावर पावाची ताटली आणि वर सपाट झाकण किंवा जुनी परात पुरे. खालचे निखारे कमी आणि वरचे जास्त, साधारण एकास दोन. हे मी अनुभवाने सांगतेय, मागच्या वर्षी पानशेतजवळ मैत्रिणीच्या शेतावर मी उत्साहाने खालीच भरपूर निखारे घातले, वरून पाव पांढरेफटक आणि खालून कोळसा, शेवटी वरचा अर्धा भाग कापून आम्ही पिठल्याबरोबर खाल्ला आणि खालचा कुत्र्यानेही नाकारला.

एक लक्षात ठेव, ते याला बिस्किट म्हणायचे पण ते चहात बुडवायचं बिस्किट नाही, मऊ छोटा पाव असतो. आंबवलेल्या पिठात थोडा सोडा, मीठ, डुकराची चरबी (तू तूप घाल), आणि हाताने गोळे तोडून चिकटून चिकटून लावायचे. आणि राजगडावर किल्ल्यात चूल पेटवू नका, पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी अंगणात विचारून करा. त्या घरची काकू तुमच्यापेक्षा चांगला विस्तव करून देईल.

प्रश्न (सासवडहून): पिक्चरमध्ये मोठ्या ओंडक्यांचा जाळ असतो. पण तो गवताळ प्रदेश दाखवतात तिथे झाड तर एक दिसत नाही. मग लाकडं आणतात कुठून?

उत्तर: वा. हा प्रश्न दिग्दर्शकांना पडायला हवा होता. लाकडं नव्हतीच हो. नदीकाठ सोडला की शेकडो मैल नुस्तं गवत, त्यामुळे जाळायचे रानशेणी, म्हणजे रानात पडून वाळलेलं गुरांचं नाहीतर गव्यासारख्या त्या बायसनचं शेण. वाटेत दिसलं की उचलायचं आणि गाडीखालच्या त्या कातड्याच्या झोळीत टाकायचं. मोठाल्या जाळाभोवती गाणी म्हणत बसणं हे कॅमेऱ्याचं काम, आचाऱ्याला जाळ नकोच असतो, त्याला निखारा हवा. आणि त्याचा एक मोठा वैताग म्हणजे पाऊस, ओली शेणी पेटत नाही हे सासवडकरांना मी काय सांगणार.

प्रश्न (सदाशिव पेठ): काउबॉय कॉफीत अंडं घालतात असं ऐकलं. खरं काय?

उत्तर: अर्धं खरं. अंडं पातेल्यात नाही, दाण्यावर असायचं. पूर्वी कॉफीचे हिरवे दाणे मिळायचे, ते तव्यावर भाजायचे, एक दाणा जळला की सगळी कॉफी जळकी. १८६० च्या दशकात पिट्सबर्गच्या जॉन आर्बकलने भाजलेल्या दाण्यांवर अंडं आणि साखरेचा पातळ थर चढवला, त्याने दाण्याचा वास आतच राहायचा, आणि पाकिटं करून विकली. ती इतकी चालली की पश्चिमेकडे आर्बकल म्हटलं की कॉफीच समजायचे, आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं. आणि प्रत्येक पाकिटात पेपरमिंटची एक कांडी! आचारी संध्याकाळी ओरडायचा, गोळी कुणाला पाहिजे, आणि धिप्पाड मिशीवाले बाप्ये ती मिळवायला कॉफी दळायला पुढे यायचे, कारण जो दळेल त्याला कांडी.

कॉफी म्हणजे दळलेली पूड उकळत्या पाण्यात, गाळ खाली बसेस्तोवर थांबायचं, वरून थंड पाण्याचा हबका मारला की लवकर बसतो. दूध नाही. दोन हजार गुरं समोर आणि कॉफी काळी! पण ती लांब शिंगांची अर्धरानटी जनावरं, धार काढायला जाणाऱ्याची धडगत नव्हती, फार तर डब्यातलं आटवलेलं दूध. आणि दारूही नाही बरं का, बऱ्याच मुकादमांची वाटेत दारूला सक्त बंदी असायची, गुडनाइटची तर जुगारालाही. जी काय बाटली असेल ती आचाऱ्याच्या औषधांच्या खणात.

प्रश्न (एका डॉक्टर वाचकांकडून): तीन महिने घेवडा आणि पाव. भाज्या-फळांचं काय? हिरड्या सुजल्या नाहीत?

उत्तर: कांदे-बटाटे मिळाले तेवढे, रानातली आंबट प्लम, वाळवलेली सफरचंदं, आणि पुढे पुढे डब्यातले टोमॅटो, जे फार लाडके होते, खारट धुळीत दिवसभर घोड्यावर बसून आल्यावर डबा फोडून त्याचं पाणी आधी प्यायचे. कॅन्सासात शेतकऱ्यांची घरं लागली की आचारी अजून एक सौदा करायचा, रात्री जन्मलेलं आणि कळपाबरोबर चालू न शकणारं वासरू देऊन टाकायचं आणि बदल्यात अंडी-भाजी घ्यायची. टोमॅटोतल्या क जीवनसत्त्वाचा हिरड्यांना काय उपयोग ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

प्रश्न (औंधहून): सिनेमात तो आचारी नेहमी तिरसट म्हातारा का असतो? हे पण खोटंच का?

उत्तर: नाही, हे एक त्यांनी बरोबर पकडलंय. फक्त गोरा म्हातारा दाखवतात, प्रत्यक्षात बरेच आचारी कृष्णवर्णीय किंवा मेक्सिकन असायचे, स्पॅनिशमधल्या कोसिनेरोचं 'कूसी' होऊन तेच त्याचं टोपणनाव झालं. घेवड्यात सुकी मिरची पडायची ती याच लोकांच्या हाताने. पगार साध्या काउबॉयपेक्षा जास्त, आणि तिरसटपणाही पगारात धरलेला.

कारण बघा ना, पहाटे तीनला उठायचं, सगळ्यांना खायला घालायचं, भांडी आवरून गाडी जुंपून कळपाच्या पुढे पळायचं, पुढच्या मुक्कामावर परत चूल. शिवाय हाडं बसवणं, दात उपटणं, केस कापणं, पत्ते खेळताना झालेली भांडणं सोडवणं हेही त्याचंच. म्हणून त्याचे नियम. गाडीच्या वाऱ्याच्या बाजूने घोडा आणायचा नाही, धूळ जेवणात जाते. त्याच्या ओट्याला हात लावायचा नाही. उष्टी ताटली ठरलेल्या टोपात टाकायची. आणि माझा आवडता, कॉफीच्या किटलीपाशी कुणी कप भरायला उठला आणि मागून कुणी ओरडलं की 'किटलीपाशी माणूस आहे!', की त्याने गपगुमान सगळ्यांचे कप भरायचे.

हा नियम मी घरी लावून बघितला. तिसऱ्या दिवसापासून चहा प्यायला कोणी उठेचना.